सासूच्या सहीला जागा नाही

गुंजनचं सगळं सुरळीत चाललं होतं; मी लाडू घेऊन गेलो आणि घोटाळा झाला. गुंजन माझी भाचेसून. देवासच्या प्रसूतिगृहात परवाच दुसऱ्यांदा बाळंत झाली; थोरली अजून धड चालतही नाही. नवऱ्यानं, मोनूनं, मला फोनवर विश्वासानं काही सांगितलं होतं. मी ते तिच्या सासूदेखत, म्हणजे माझ्या सख्ख्या यमुनाताईदेखत, मोठ्या मायेनं विचारलं, "काय गं, तांबी बसवली का?"

ताईला वाटलं, पाण्याचा तांब्या. म्हणाली, "आणलाय की घरून."

इथं गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण हिंदी मुलखात राहून शुद्ध मराठीची खोड! मी अर्थ समजावून दिला. "अगं, ती कॉपर-टी! आता काही वर्षं पाळणा नाही!"

ताईनं तडक पिशव्या भरायला घेतल्या. "चल घरी!"

बाळंतपणानंतर अठ्ठेचाळीस तासांत बसवली तर बसवली, नाहीतर दीड महिना थांबायचं. दोन तास उरले होते. आणि घरी नेलेल्या सुनेला ताई दीड महिन्यानं परत पाठवेल, हे मोनूसुद्धा मानणार नाही.

तेवढ्यात शिखा सिस्टर आल्या. आडनाव मोहिते. आजोबा संस्थानच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. तो दम नातीच्या गळ्यात उतरलाय. धारला नर्सिंग केलं, सरदारपुरात अकरा वर्षं काढली. तिथं कुणाच्या तरी सासऱ्यानं बदलीची धमकी दिली, तर म्हणाल्या, "करवा ना भिया, जिथं जाईन तिथं बाळंतिणी असतीलच." चाव्यांच्या जुडग्याला नमुन्याची तांबी लटकवून फिरतात. तीच त्यांनी ताईच्या तळहातावर ठेवली.

"ही वर छातीत चढते म्हणे," ताई हात झटकत म्हणाली.

"आत लिफ्ट आहे का, मावशी?"

"आमच्या घरात मला विचारल्याशिवाय काही होत नाही!"

"घरात नका होऊ देऊ. इथं फॉर्मवर सासूच्या सहीला जागाच नाही. चला, बाहेर व्हा. मामा, तुम्ही पण."

पडदा सर्रकन ओढला गेला. आतून सिस्टरचा आवाज, एकदम हळू: "गुंजन, नको असेल तर नको म्हण, मी रागावणार नाही. पुढं काढावीशी वाटली तर कधीपण ये, काढून देऊ."

मग गुंजनचा आवाज, आमच्या घरात कधी न ऐकलेला. "हवीय, दीदी. अभीच लावा. आणि मम्मीजींना मी खुद सांगेन."

ताई तरातरा खाली रिक्षात जाऊन बसली.

अर्ध्या तासानं सिस्टर हात पुसत बाहेर आल्या. ताईचा भाऊ म्हणून काहीतरी बोलणं भागच होतं. धीर करून म्हणालो, "तसं ठीकच झालं, सिस्टर. पण एवढी मोठी गोष्ट, एकदा घराला विचारायला नको होतं?"

"का, बाळंत घर झालं होतं?"