धाकट्याने आधी उचलावा

दावे आणि जबाब यांखेरीज मी आयुष्यात फारसे काही लिहिलेले नाही. उतारवयात हे धाडस करते आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. माणसांची नावे बदलली आहेत, गावाचे नाव सांगत नाही.

"म्याडम, तिला खुर्ची कशाला? म्हनाल तितं सही करून जाईल ती," बबनराव म्हणाले.

"पाय दुखत्यात, दादा. बसून केली तर सही उठत न्हाई का?" असे म्हणत कुसुमने खुर्ची ओढली.

मावळातल्या आमच्या कोर्टातील मेडिएशनची ती खोली. समोर तीन भावंडे. थोरले बबनराव घरची शेती पाहत. मधला संपत आंबीच्या बाजूला एका कंपनीत होता. कुसुम लग्न होऊन शिरगावला गेलेली. संपतने वाटणीचा दावा लावला होता आणि कोर्टाने तो मेडिएशनला पाठवला होता. मेडिएशन म्हणजे निकाल न देता घडवलेली तडजोड. मी तिथे मेडिएटर होते. मेडिएटर सल्ला देत नाही, बाजू घेत नाही, प्रश्न विचारतो.

वडिलांची जमीन तीन ठिकाणी होती : ओढ्याखालचे भातखाचर, डोंगराकडचा माळ आणि रस्त्यालगतचे 'देवाचे शेत'. या शेताचा तांदूळ पिढ्यानपिढ्या भैरवनाथाच्या जत्रेत गावजेवणाला जाई. मात्र ट्रस्ट म्हणून त्याची कुठेही नोंद नव्हती. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव, गावाच्या मनात देवाचे. अशी रूढी कोर्टात सिद्ध करणे फार अवघड असते.

मी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलले. या बैठकीत सांगितलेली गोष्ट मेडिएटरने दुसऱ्या पक्षाला सांगायची नसते.

बबनरावांनी सरळच सांगितले, "रस्त्याचं शेत मला पायजे. बंगल्यावाल्यासंग इकायचं बोलनं झालंय. पोराला लोनावळ्यात हॉटेल टाकायचंय."

"आणि जत्रेचे जेवण?"

"जलमभर देवाला मी जेवू घातलं, म्याडम. आता देवानं माझ्या पोराला घालावं."

 

संयुक्त बैठकीत बबनरावांनीच तोडगा काढला. "आमच्यात रिवाज हाय. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. थोरल्याला उरंल ते."

रिवाज मला मनापासून आवडला. वाटे पाडणाऱ्याला शेवटी उचलायचे असल्यामुळे तो लबाडी करीत नाही. मी तिघांना विचारले. तिघांनीही होकार दिला.

बबनरावांनी वाटे सांगितले. एकात खाचर, एकात माळ, एकात देवाचे शेत. मात्र देवाचे शेत घेणाऱ्याने जत्रेचे जेवण सांभाळायचे. त्यांचा हिशेब माझ्या लक्षात आला. नोकरदार संपत जेवणाची जबाबदारी अंगावर घेणार नाही, तो खाचर उचलील. माळ कुसुमच्या नावाने पडेल, आणि पुढे ती हक्कसोड करून देईल. म्हणजे आपला वाटा भावाच्या नावे सोडील. देवाचे शेत बबनरावांनाच उरेल, आणि जेवणाची अट तोंडीच असल्याने ते विकताही येईल.

"उचल, संपत," बबनराव म्हणाले.

"थांबा," मी म्हटले. "तुमच्यात धाकटे कोण?"

"हा काय, संपत."

"मी संपतदादाच्या पाठची," कुसुम म्हणाली.

"तू लेकीची जात, रिवाज भावांचा!"

"असं रिवाजात कुटं म्हनलंय? सही करताना मी वारस, आन् उचलताना पाव्हनी व्हय? मला देवाचं शेत."

बबनराव उसळले. "तुजा देव सासरचा! हितल्या देवाशी तुजा काय संबंध?"

"आय गेल्यापासनं जत्रेला चुलीम्होरं कोन बसतंय, दादा? आन् त्यो बंगल्यावाला शेतात पावलं मोजत व्हता, ते समद्या गावानं बघितलंय. मला एकटीलाच दिसायचं न्हाई व्हय?"

संपतने खाचर उचलले. बबनरावांना माळ उरला. ते उठून बाहेर चहाच्या टपरीवर गेले. दावा आता पुन्हा कोर्टात जाणार, असे मी गृहीत धरले. बऱ्याच वेळाने ते परतले.

"वाटे मीच पाडले. आता न्हाई म्हनलो तर गावात हसतील," ते म्हणाले. "जत्रंचा नारळ मात्र मी फोडनार."

"फोड की. भांडी घासायलाबी ये," कुसुम म्हणाली.

संपत हळूच म्हणाला, "दादा, खाचर तूच कर. निम्मं भात मला दे. मला सुट्टी कुटं हाय?"

तडजोडपत्रात दोन अटी घातल्या : देवाच्या शेताचा तांदूळ जत्रेला द्यायचा, आणि शेत विकायचे झाल्यास आधी भावंडांना विचारायचे. बबनरावांनी शेवटी सही केली, तीही उभ्यानेच. त्यांच्या मुलाचे हॉटेल अजून झालेले नाही. जत्रेचे जेवण सुरू आहे.

रिवाजाचा दाखला देणाऱ्याने आधी घरातली माणसे नीट मोजावीत, एवढेच मी यातून शिकले. पण बबनरावांचा बेत मला त्यांच्या स्वतंत्र बैठकीतून आधीच ठाऊक होता. अशा वेळी 'धाकटे कोण' हे मी विचारायला हवे होते का?