सूर्यमाळचं कापलेलं भात आणि माझा कोरडा आठवडा

१. शुक्रवारी मी या ब्लॉगवर जव्हार-मोखाड्याचा आठवड्याचा अंदाज दिला: सात दिवस पाऊस नाही.
२. रविवारी सूर्यमाळच्या जानकीबाईंनी त्या भरवशावर सगळं भात एकदम कापलं.
३. मंगळवारी दुपारी आभाळ भरलं. मी त्यांच्याच बांधावर उभी होते.

जानकीबाईंचे दीर सोमादादा हा ब्लॉग वाचतात. एरवी तुकड्या-तुकड्यानं कापतो, यंदा एकदम कापतोय, गुरुवारी सगळे कामाला ठाण्याला निघणार, असं त्यांनी शनिवारी कळवलं. दोन वर्षं मी या भागाचा अंदाज लिहिते आणि सूर्यमाळ पाहिलेलं नव्हतं. सोमवारी सकाळी नाशिकहून एसटी धरली. त्र्यंबकमार्गे मोखाडा, तिथून खोडाळा, पुढे जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि संध्याकाळी पाचनंतर मिळेलच असं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खुरासणी, म्हणजे कारळं, पिवळीधमक फुललेली होती. ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर खिडकीची जागा सोडू नका.

मुक्काम जानकीबाईंकडेच. नागलीची (नाचणीची) भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाचं वरण. पाणी विहिरीवरून डोक्यावर येतं, जपून वापरा. स्वेटर न्या.

मंगळवारी सात वाजता शेतात गेले तर बूट आतपर्यंत ओले झाले. कापून पसरलेलं भात दवानं निथळत होतं. सोमादादांनी ओला तळवा माझ्यापुढे धरला.

"ताई, ह्यो तुमचा कोरडा आठवडा!"

मी म्हटलं, "पाऊस नाही, एवढंच लिहिलं होतं."

"मग भाताला तसं सांगा."

दहा वाजेपर्यंत कुणी भाताला हात लावला नाही. दव सुकल्यावर उलथलं. दुपारी तीनला पश्चिमेकडून ढग आले आणि सोमादादा दोर घेऊन आले.

"वहिनी, आताच भारे बांधू. ही ताई जाईल नाशिकला, भिजलेला भात आपुन खायचा."

जानकीबाईंनी खालची काडी मोडून पाहिली. वाकली, तुटली नाही. असं दमट भात बांधून रचलं तर आतून तापतं आणि काळं पडतं. वर्षभराचं खाणं होतं ते. त्या माझ्याकडे वळल्या.

"पोरी, येल का पाऊस? खरं सांग."

ढग उंच आणि पातळ होते. खाली एकही ढग नव्हता, वारा ईशान्येचा आणि कोरडा. सकाळपासूनच्या हवामानाच्या नोंदी मी फोनवर पुन्हा पाहिल्या.

"येणार नाही. बांधू नका."

"आला तर भारे तुम्हीच वाहायचे, ताई," सोमादादा म्हणाले. दोर मात्र त्यांनी खांद्यावर टाकून परत नेला.

बुधवारी सकाळी सातला जानकीबाईंनी भातावरून हात फिरवला आणि हसल्या. हात कोरडा होता. काडी कडकन मोडली.

"राती ढग व्हता ना. ढग असला का दव पडत नाय. आज दहाची वाट नको."

निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, ढग ती ऊब धरून ठेवतात, हे मी शिकले आहे, परीक्षेत लिहिलंही आहे. अंदाजात कधीच लिहिलं नव्हतं. साडेअकराला शेवटचा भारा बांधून झाला. दोन भारे मी वाहिले. सोमादादांनी ते मोजलेच नाहीत.

संध्याकाळी घरी पोचले. अंदाज बरोबर आला याचा मला अभिमान आहे. त्याहून जास्त याचा आहे, की या आठवड्यापासून त्यात दव किती पडेल आणि भात बांधायला किती वाजता घ्यावं, अशा दोन नव्या ओळी असतील. त्या जानकीबाईंच्या हातावरून आल्या आहेत.

पण एका हातावर दोन्ही तालुक्यांचा अंदाज बांधता येत नाही. पोशेरा, जामसर आणि सूर्यमाळच्या वाचकांनी उद्या सकाळी सातला कापलेल्या भातावरून हात फिरवावा. गावाचं नाव आणि "ओला" किंवा "कोरडा", एवढंच खाली लिहा. पुढचा अंदाज शुक्रवारी आहे. कृपया गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्या.