बाबांना ग्रीनिचची रेघ बघायची होती

आमच्या सासरी कुणी काही मागत नाही. चहा घेणार का विचारलं, तर उत्तर येतं, "तुमचा होत असेल तर." मी नागपूरची. आमच्याकडे माणूस पानावरून ओरडून वरण मागतो. त्यामुळे लग्न झाल्यापासून माझा या घरावर एकच राग: सतत दुसऱ्याच्या मनातलं ओळखत बसायचं, आणि नाही ओळखलं की आपणच वाईट.

नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही दोन वर्षं इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या ब्रॅकनेलला होतो. उन्हाळ्यात सासू-सासरे आले. कधी पाऊस, कधी ऑफिस, असं करत लंडन मागे पडत गेलं आणि त्यांच्या परतीच्या आधीचा शेवटचा रविवार उरला. नवऱ्याने विचारलं, "बाबा, तुम्हाला खास काय बघायचंय?" बाबा म्हणाले, "तुम्ही दाखवाल ते." सासूबाई म्हणाल्या, "नातीला आवडेल ते बघू." झालं! मग नवऱ्याने स्वतःला आवडेल ते ठरवलं.

वॉटर्लू स्टेशनला उतरून राजवाडा बघितला, टोपीवाले शिपाई बघितले, घड्याळाच्या मनोऱ्यासमोर सगळ्यांचे फोटो झाले. नवऱ्याने नदीकाठच्या त्या उंच पाळण्यासारख्या मोठ्या चक्राची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. वेळ होता म्हणून नदीकाठच्या बाकावर बसून धपाटे आणि दाण्याची चटणी काढली. बाबा एका हाताने खात होते आणि धक्क्यावरची बोटींची पाटी परत परत वाचत होते.

तेवढ्यात आमची लेक, तेव्हा सात वर्षांची, आपल्या इंग्लिश शाळेतल्या मराठीत म्हणाली, "आई, आजोबांचा रेघ कधी बघायचा?"

"कसली रेघ?"

"ते झीरोवाला. ग्रीनिचमधला. आजोबा म्हणाले, कोणाला सांगू नको, सगळ्यांना त्रास होतो."

बाबांचा घास हातातच राहिला. हा माणूस साताऱ्याजवळच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवत होता. फळ्यावर ग्रीनिचची रेघ काढता काढता किती खडू झिजवले असतील! मंगळवारी त्यांचं विमान होतं, आणि त्यांच्या तब्येतीकडे बघता ते पुन्हा इतक्या लांब येणार नव्हते. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

"काही नाही गं," बाबा म्हणाले. "लांब आहे ते. चक्राची तिकिटं वाया जातील."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, भीड ही भिकेची बहीण! महिनाभर आमच्या घरात राहिलात आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीत? उठा आता."

"अगं, पण तिकिटं..." नवरा म्हणाला.

"चक्रात तू बस. मी बाबांना घेऊन चाललेय."

"हळू बोल," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना कुठे मराठी कळतंय!"

शेवटी सगळेच बोटीत चढले. बोट आपली निवांत, प्रत्येक पुलाची माहिती सांगत चाललेली. राग उतरल्यावर मला धास्ती वाटायला लागली. सासऱ्यांवर चारचौघांत ओरडले, आणि आता पोहोचेपर्यंत ग्रीनिचची वेधशाळा बंद झाली तर काय तोंड दाखवू?

उतरलो तर समोर ही टेकडी! बाबांचे गुडघे कुरकुरत होते. दोनदा थांबले, दोनदा म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी इथे बसतो." मी त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. वर पोहोचलो तेव्हा फाटकावरचा माणूस बंद करायच्या तयारीत होता. लवकर आटपा, म्हणाला.

अंगणात, फरशीत, पितळेची लांब पट्टी. बाबा वाकून तिच्याकडे बघत राहिले. आणि मग चक्क चिडले.

"ही पट्टी कशाला ठोकलीय? मूळ रेखावृत्त काल्पनिक असतं. पोरांचा गोंधळ नाही का होणार?"

मला हसू आवरेना. मग त्यांनी एक पाय अलीकडे ठेवला, एक पलीकडे, आणि ताठ उभे राहिले. नातीला म्हणाले, "हा पाय पूर्वेला, हा पश्चिमेला." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

फाटकावरून हाक आली. नवऱ्याने कॅमेरा खिशात टाकला. "चला बाबा, त्यांना बंद करायचंय." सासूबाई चालायलाही लागल्या.

बाबा हलले नाहीत.

"मला अजून थोडा वेळ पाहिजे," ते म्हणाले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात.

मी फाटकावरच्या माणसाला थोपवायला गेले.