तात्यांचा डावा तळहात

तात्यांना बसता येत नसे. पायाला काही नव्हतं, स्वभावातच बैठक नव्हती. केजला त्यांचं किराणा दुकान होतं, पण गादी कायम रिकामी. चहासुद्धा उभ्यानेच. "बसा की तात्या," म्हटलं की म्हणायचे, "बसलेल्या माणसाला काम सापडत न्हाई." ते माझे धाकटे चुलते. मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांनी आणि काकूने मला लेकीसारखं वागवलं.

काकूला घास अडकायला लागला. तपासणीत अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. केमो झाल्यावर संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले, आता मोठं ऑपरेशन. सात-आठ तास लागतील. पंधरा दिवसांनी या, तोवर तब्येत कमवा.

त्या पंधरा दिवसांत तात्यांनी घर डोक्यावर घेतलं. फाइल इतक्यांदा काढली-लावली की रिपोर्टच्या कडा मऊ पडल्या. रक्त लागेल म्हणून पाटोद्यापर्यंतच्या पाहुण्यांना फोन. हालहवाल न विचारता थेट, "रक्तगट कोणता हाय बे तुझा?"

डॉक्टरांनी काकूला फुप्फुसाच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचं यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास ओढला की गोळ्या वर चढायच्या. काकू कंटाळायची. मग तात्यांनी स्वतःसाठी दुसरं आणलं आणि तिच्यासमोर उभं राहून ओढायला लागले. त्यांच्या दोनच चढत. काकूची तिसरी चढली त्या दिवशी, "तीन! लई भारी!" म्हणत गल्लीभर सांगून आले.

मला मात्र राग यायचा. एकदा मी म्हणाले, "तात्या, जरा तिच्याजवळ बसा. तिला भीती वाटतेय."

पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत ते म्हणाले, "बसलो तर मलाबी वाटंल गं."

निघायच्या आदल्या दिवशी काकू अडून बसली. आम्ही लिंगायत. तिच्या गळ्यात लहानपणापासून इष्टलिंग, कधी अंगावेगळं न केलेलं. ऑपरेशनच्या वेळी अंगावर काहीच ठेवता येत नाही, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"कावून काढायचं? मेले तर लिंगासकट मरंन."

तात्यांनी वाद घातला नाही. जीप धरून तडक कपिलधारच्या मठात गेले. दुपारी परत आले ते घामाघूम.

"स्वामींना इचारलं. तळहातावर ठिवलं तर चालतंय म्हणाले. माझ्या तळहातावर ठिवतो."

काकू म्हणाली, "तुमच्या हातात काय टिकतंय? चष्मा तीनदा हरवला."

"चष्म्याचं सोड. हे हरवत न्हाई."

ऑपरेशनच्या सकाळी आतल्या दाराशी काकूने गळ्यातला दोरा उतरवला. लिंग तात्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं, त्यांची बोटं स्वतः मिटवली आणि मागे न बघता आत गेली.

तात्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. मूठ छातीशी. चहा नको, पाणी नको. एका कागदावर सही हवी होती. मी फाइल धरली, त्यांनी उजव्या हाताने केली. लोक वळून बघत होते. मीही त्यांच्या मागे चालायला लागले, बाकावर मलाही बसवेना. दिवस कलला तेव्हा डॉक्टर बाहेर आले. व्यवस्थित झालं, म्हणाले. तात्या "बरं" म्हणाले आणि परत चालू लागले. पाचसहा पावलांवर थांबून त्यांनी भिंतीला कपाळ टेकवलं.

काकूला भेटायला सोडलं ते दुसऱ्या दिवशी. तोवर त्यांनी मुठीला रुमाल बांधून ठेवला होता. काकूच्या नाकात नळी, बोलता येत नव्हतं. तिने नुसता हात पुढे केला. तात्यांची बोटं आखडली होती, उघडेनात. काकूने पडल्यापडल्या एकेक बोट सोडवलं.

काकू आज आहे. थोडं थोडं करून दिवसातून सहा वेळा खाते. तात्याच गेले, दोन वर्षांपूर्वी, दुकानात, छातीत कळ येऊन. डॉक्टरला बोलवेपर्यंतसुद्धा थांबले नाहीत.

काकू कधी रडत नाही. पण कुणी त्यांचा विषय काढला की ताटातला घास तसाच ठेवून म्हणते, "माझ्या ऑपरेशनची पंधरा दिवस तयारी केली या माणसानं. मला एक दिवस दिला न्हाई."