रश्श्यातला कांदा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी आमच्या शेजाऱ्यांच्या, भाऊंच्या हातचं मटण गल्लीत प्रसिद्ध होतं. ते एका राइस मिलमधून मुकादम म्हणून निवृत्त झाले होते. दर रविवारी मागच्या अंगणात चूल पेटवून रस्सा स्वतः करायचे. कांदा काळपट होईपर्यंत भाजलेला, वर लसूण, सुकं खोबरं. दारात आलेलं कोणी उपाशी जाऊ नये, असा त्यांचा बाणा होता. भिंतीपलीकडची आमची कुत्रीही त्यांनी त्यात धरली होती. उरलेला रस्साभात ते भिंतीवरून तिच्या पातेल्यात टाकायचे.

मी त्यांना दोन-तीनदा सांगितलं होतं. कांदा-लसूण कुत्र्याला घातक असतो. कच्चा, शिजवलेला, वाटलेला, कसाही. शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात आणि आतडं फाडतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेटही तिला विषच. तिला आम्ही भात आणि बिनमिठाची, हाडं काढलेली उकडलेली कोंबडी देतो. कधी एखादं अंडं.

"साहेब," ते म्हणाले, "गावातले कुत्रे का डॉक्टरले विचारून जेवतात? तुमची तं लई शिकलेली दिसते. पेपर वाचते का?"

त्या पावसाळ्यात पुराच्या बातम्यांसाठी मी आठवडाभर सिरोंच्याला होतो. पत्नी शाळेत शिकवते, त्यामुळे दिवसा घरी कोणी नसायचं. शेजाऱ्यांकडे त्याच आठवड्यात पाहुणे उतरले होते आणि चूल जवळजवळ रोज पेटली. पातेल्याच्या तळाशी राहिलेला घट्ट, कांद्याचा रस्सा रोज भिंतीवरून आमच्याकडे आला.

मी परतलो तेव्हा कुत्री उठली नाही. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. लघवी काळ्या चहाच्या रंगाची होत होती. आम्ही तिला चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कांदा खाल्ला का हिनं?"

त्यांनी सांगितलं की कांद्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. खाल्ल्या दिवशी काही दिसत नाही, परिणाम काही दिवसांनी दिसतो. त्यामुळे खायला घालणाऱ्याला आपण काही केलं असं वाटतच नाही. सलाईन लावलं. बाहेरून रक्त देण्याची वेळ थोडक्यात टळली. पुन्हा असं झालं तर मी खात्री देणार नाही, असं ते स्पष्ट बोलले.

ती उभी राहायला लागल्यावर मी शेजाऱ्यांकडे गेलो. ते ओट्यावर मित्रांसोबत बसले होते.

"मेली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग काऊन तोंड पाडून उभे आहा? कांद्यानं मराचं असतं तं आमच्या बुढीनं आतापर्यंत सारं घर साफ केलं असतं."

ओटा हसला. पुढच्या रविवारी रस्साभात पुन्हा पातेल्यात पडला. तिच्याआधी मी पोहोचलो आणि पातेलं मोरीत रिकामं केलं. भिंत त्यांची होती. माझ्या खर्चानं उंच करतो म्हटलं, तर वारा अडेल म्हणून त्यांनी नकार दिला. तेव्हापासून आम्ही बाहेर पडताना कुत्रीला टिनाखालच्या खोलीत कोंडू लागलो. चंद्रपूर जिल्ह्यात मार्चनंतर अशी खोली म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. संध्याकाळी दार उघडलं की ती जमिनीवर पसरलेली, जीभ बाहेर, उठायला वेळ घेणारी. रोज ते पाहताना माझ्या डोक्यात एकच माणूस असायचा.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या पत्नीनं माझ्या पत्नीला हळूच सांगितलं की भाऊंच्या किडन्या बिघडल्या आहेत. डॉक्टरांनी मटण बंद केलं, मीठ तोडलं. रविवारचा रस्सा ते इतरांसाठी अजून करतात, पण घरी त्या समोर बसून जेवू घालतात म्हणून पथ्य चालतं. बाहेर ते कुणाला कळू देत नाहीत आणि दाबून खातात. "कोणाले सांगू नोका बाई," असंही त्या म्हणाल्या. बातमीदारीत मी सांगणाऱ्याचा शब्द कधी मोडला नव्हता. हा मोडायचा, हे मी तिथेच ठरवलं.

गल्लीत एका घरी लग्नानंतरचं मटणाचं जेवण होतं. आमच्याकडे अशा पंगतीत गल्लीतलेच लोक वाढतात. रश्श्याची बादली मी मागून घेतली. पत्रावळी मांडल्या होत्या, भात वाढून झाला होता. भाऊ मधोमध बसले होते, बाह्या सावरून, भातात आळं करून.

मी त्यांच्या डावीकडच्याला वाढलं आणि उजवीकडच्याला वाढलं. मधली पत्रावळ सोडली.

"ओ साहेब, इकडं राह्यलं!"

दुसऱ्या फेरीलाही मी तसाच पुढे गेलो. पंगतीत एखाद्याची पत्रावळ ओलांडण्यासारखा अपमान नाही. ओळीतल्या माना वळल्या.

"काऊन? माह्याशी काई दुश्मनी आहे का?" त्यांचा आवाज चढला.

मी बादली खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "भाऊ, तुमच्या किडनीले मटण चालत नाई. डॉक्टरनं बंद केलं ना? मी कसं वाढू? माह्या हातानं काई झालं तं?"

मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली, "अवो, भाऊले वरण वाढा रे! बिनमिठाचं!" आणि सगळी पंगत हसली.

पंगत उठण्याआधी एकट्यानं उठता येत नाही. यजमानाचा अपमान होतो. ते बसून राहिले. दोन्ही बाजूंना लोक भुरके मारत होते. मी उरलेल्या सगळ्या फेऱ्या केल्या, आणि दर वेळी त्यांच्यासमोर थोडा थांबून पुढे गेलो. घाई करण्याचं कारण नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मिस्त्री बोलावून भिंत उंच केली. माझं तोंड दिसू नये म्हणून, असं त्यांनी गल्लीत सांगितलं. कुत्री आता दिवसभर अंगणात, लिंबाच्या सावलीत असते. तिच्या पातेल्यात आम्ही घालतो तेवढंच असतं.

आता गल्लीत कुठेही त्यांना मटण वाढत नाहीत. त्यामुळे त्यांची तब्येत सुधारली आहे, असं त्यांच्या पत्नीनं कळवलं आणि माझे आभार मानले. हे मी त्यांच्या किडन्यांसाठी केलं नव्हतं. त्यांचं त्यात भलं झालं, एवढीच गोष्ट मला अजून खटकते.