होडी बुडवण्याआधी

वागळे इस्टेटमधल्या एका स्टुडिओत मी तिला स्पॅनिश उच्चार शिकवायला जात असे. बाळकुमच्या कोळी घरातली ही मुलगी हळदीची गाणी गाऊन प्रसिद्ध झाली होती आणि आता तिचा पहिला स्पॅनिश अल्बम ध्वनिमुद्रित होत होता. तिच्या सवयींनी मी जेरीस येई. ती कागदाकडे ढुंकूनही पाहत नसे. माझ्या ओठांवरून शब्द उचलून घेई. आवाज मात्र ओल्या दोरासारखा, ताणला की अधिक घट्ट होणारा.

शेवटच्या दिवशी एकच स्पॅनिश ओळ उरली होती, अर्थ: 'होडी परतली नाही.' दर वेळी ती 'होडी परतली' असंच गाई. ओळ लंगडत होती आणि माझा संयम सुटत होता.

"अगं, 'नाही' कुठे गेलं?"

"बापूस होडी घेऊन खाडीत हाय, ताई. आता होडी बुडवायची नाय."

"तिथे स्पॅनिश कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना! तुम्हीच शिकवलंय."

संध्याकाळी स्टुडिओ रिकामा करायचा होता. ओळ झाली नाही, तर गाणंच गळणार होतं. ती मात्र मांडी घालून फोनकडे बघत बसली. मी चिडले, विनवलं, पुन्हा चिडले.

अखेर फोन वाजला. "बाबा, आलास काय बंदरावर?" एवढंच विचारून ती माइकपाशी गेली आणि डोळे मिटून 'नाही'सकट गायली. होडी बुडाली.

ध्वनिमुद्रकाने सवयीने आणखी एक टेक मागितला.

"एकदा बुडवली ना? बास!" ती हेडफोन उतरवत म्हणाली. "सकाळी परत खाडीत जाणार हाय तो."