प्लास्टरच्या अंगाला खोबरेल

इस्रायलमधल्या बेर्शेबातल्या चित्रशाळेत मी साफसफाई करायचे, तेव्हा एका रात्री मी प्लास्टरच्या एका पुतळ्याला अंगभर खोबरेल चोळून ठेवलं होतं. युद्ध संपून वर्ष झालं होतं. केस आखूड कापले म्हणजे आपण सुधारलो, असं मला वाटायचं. पण आमचे आजे अलिबागकडचे शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ज्यू. कोरडं काही दिसलं की हात तेलाकडेच जायचा.

पुतळा गुडघ्याएवढा. मांडीवर मेलेला तरणा मुलगा घेऊन बसलेली आई. इटलीतल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या मूर्तीची नक्कल. विद्यार्थ्यांनी समोर ठेवून चित्रं काढावीत म्हणून अशा नकला एक म्हातारा साच्यात ओतायचा. तोही इटलीचाच, प्लास्टरच्या भुकटीने पापण्यांपर्यंत पांढरा झालेला. नाव मी कधी विचारलं नाही. प्लास्टर सुकलं का, ते टिचकी मारून, कान लावून ऐकायचा. ही नक्कल त्याने तीनदा फोडून पुन्हा ओतली होती. मुलाचा खांदा मनासारखा उतरत नव्हता.

सकाळी पाहते तर प्लास्टरने सगळं तेल पिऊन टाकलेलं आणि मुलगा पिवळा पडलेला. म्हातारा समोरच उभा. मी मोडक्या हिब्रूत म्हटलं, "अदोनी, साहेब, अंग कोरडं दिसलं म्हणून लावलं. आमच्यात लेकरांना लावतात. वर सांगू नका, माझी नोकरी जाईल."

तो त्या खांद्यावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "माझा मुलगा लढाईवरून बंद पेटीत आला. मला हातसुद्धा लावू दिला नाही. तू याला पायांपासून चोळलंस की डोक्यापासून?"